मैदानाचा हिशेब (भाग 4) : सवलत हेही अनुदानच

मागच्या आठवड्यात पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमची गोष्ट पाहिली. थकलेल्या कर्जापोटी 2018 मध्ये बँकेने त्याचा सांकेतिक ताबा घेतला. तिथे निदान कर्जाचा आकडा कागदावर होता. आजच्या अनुदानाला अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळही नसते.

बंदोबस्ताचंच घ्या. टी-20 सामन्यासाठी पोलीस बंदोबस्ताचं शुल्क 70 लाखांवरून 10 लाखांवर आलं. जून 2023 चा हा निर्णय, पण लागू केला थेट 2011 पासून. उन्हात उभ्या पोलिसाचा पगार काही कमी झाला नाही. फरक सरकारी तिजोरीने सोसला. त्यावर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, हे बरंच झालं.

जमिनीचंही तसंच. मे 2025 मध्ये वानखेडेवर मुख्यमंत्री फडणवीसांनी एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमसाठी जागा देण्याची तयारी दाखवली. भिवंडीजवळच्या आमणेचं नाव आधीपासून चर्चेत होतं. अशा वेळी रोजगाराचं आश्वासन येतंच. अमेरिकेत रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट या अर्थतज्ज्ञांनी 1997 मध्येच ते तपासलं आणि ते टिकलं नाही. कारण साधं आहे. तिकिटाला गेलेले पाचशे रुपये त्या घराने एरवी खाणावळीत, नाहीतर सिनेमाला खर्च केलेच असते. पैसा वाढत नाही, खिसा बदलतो.

आता बिनस्टेडियमचं क्रिकेट पाहायला पालघर जिल्ह्यातल्या नवापूरच्या किनाऱ्यावर या. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते. तीन काठ्या रोवायच्या, टेनिस बॉल काढायचा आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत डाव चालवायचा. याच किनाऱ्यावरून तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याची वाहिनी समुद्रात जाते. नफा एकाचा आणि भार दुसऱ्याचा, हे इथल्या मांगेला मच्छीमारांना कुणी शिकवायला नको.

पालघरचा शार्दूल ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्या मंदिरकडून खेळताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. पुढे प्रवासात वेळ जाऊ नये म्हणून तो बोरिवलीला त्यांच्याच घरी राहिला. तेव्हा विरारच्या पुढे लोकलही नव्हती. ती डहाणूपर्यंत आली 2013 मध्ये. त्याला कमी पडलं ते घराजवळचं चांगलं मैदान आणि शिकवणारा माणूस. एक लाख खुर्च्यांनी ती उणीव भरली नसती.

तालुका क्रीडा संकुलाच्या अनुदानाची मर्यादा 2022 मध्ये 1 कोटीवरून 5 कोटी झाली. माझ्या मते सरकारी पैशाचा पहिला हक्क इथे आहे. मोठ्या स्टेडियमला जमीन द्यायचीच असेल, तर बाजारभावाने ती सवलत किती रुपयांची आणि वर्षातले किती दिवस मैदान शाळांना खुलं, हे करारात लिहा आणि तो करार जाहीर करा.

वाचकहो, पुढच्या ग्रामसभेत एवढं विचारा: आपल्या तालुक्याच्या संकुलाला किती रुपये मंजूर झाले, किती खर्च झाले आणि आपल्या मुलांना तिथे कधी खेळता येतं? उत्तर लेखी मागा.