वाफ्यात उरलेले हिरवे टमाटर : फेकू नका, भाजून खा



उसाची लागण, खोडवा, खतांचे हप्ते याविषयी आम्ही नेहमीच लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. एकोडी भागात आपल्या बहुतेक सभासदांच्या परसात किंवा उसाच्या पाटाकडेला टमाटरचे दोन-चार वाफे असतातच. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धानाच्या रोवणीसाठी जागा मोकळी करायची वेळ येते आणि वेल उपटले जातात. तेव्हा प्रत्येक वेलावर हिरवी फळे लटकलेली असतात. बाजारात नेली तर गाडीभाडेही सुटत नाही. मग ती बांधावर पडतात. त्या फळांना पाणी आपण दिले, खत आपण दिले, निंदण घरच्या बायकांनी केले. एवढे कष्ट बांधावर का फेकायचे?

आधी फळांची निवड करा. एक फळ सुरीने आडवे कापून पाहा. बी भोवती चिकट गर धरला असेल आणि बी सुरीखाली न कापता बाजूला सरकत असेल, तर फळ पूर्ण वाढलेले समजावे. अशी फळे घरात आपोआप पिकतात. टोपलीत कागद अंथरून ठेवा, सोबत एक पिकले केळ ठेवा. केळातून निघणारा इथिलीन वायू टमाटर पिकवतो. मात्र रात्री उघड्यावर ठेवू नका. 12-13 अंशांखाली बरेच दिवस राहिलेले फळ नीट पिकत नाही, सडते.

पिकण्याची वाट पाहायची नसेल, तर हीच फळे चुलीवर भाजण्याच्या पदार्थांत चालतात. आपले पानगे घ्या. कणकेत बारीक चिरलेले हिरवे टमाटर, मिरची, लसूण, जिरे व मीठ घालून घट्ट मळा. टमाटरला पाणी सुटते, म्हणून वरून पाणी बेतानेच घाला. पळसाच्या दोन पानांत थापून गोवरीच्या निखाऱ्यावर भाजा. आंबटपणामुळे सोबत भाजी नसली तरी चालते.

गोडासाठी कढईतला केक करा. भट्टी लागत नाही. एक वाटी हिरवे टमाटर बारीक चिरून मीठ लावून ठेवा, अर्ध्या तासाने पिळून घ्या. दोन वाट्या कणीक, एक वाटी साखर, अर्धी वाटी तेल, अर्धी वाटी दही आणि पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा एकत्र करा. टमाटर व वेलची घाला. घट्ट वाटले तर थोडे दूध. दह्याच्या व टमाटरच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की वायूचे बुडबुडे होतात, त्यानेच केक फुलतो. म्हणून कालवल्यावर वेळ घालवू नका. जाड कढईत इंचभर वाळू दहा मिनिटे तापवा, त्यावर तिवई व तेल लावलेला डबा ठेवून झाकण घाला. आच मंद ठेवा. पाऊण तासाने सुरी खुपसून पाहा. सुरी कोरडी निघाली की झाले.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. गोटीएवढी कोवळी फळे खाऊ नका. त्यात टोमॅटीन हे कडू द्रव्य जास्त असते, आणि ते शिजवूनही फारसे जात नाही. पाला व देठ यांत तर ते त्याहून जास्त. म्हणून उपटलेले वेल गाई-बैलांपुढे टाकू नका. चारा कमी पडला म्हणून जनावर ते खाईल, आणि भाजीच्या वाफ्यापायी दावणीचे नुकसान होईल. वेल खड्ड्यात पुरावेत.

परसबागेतून मोठा पैसा येत नाही, हे आम्हालाही कळते. पण उसाचे बिल वर्षातून एकदा येते आणि घरातला खर्च रोजचा असतो. आठ दिवसांची भाजी वाचली, पोरांच्या डब्यात केकचा तुकडा गेला, तर तेही उत्पन्नच आहे. यंदा वेल उपटण्याआधी टोपली घेऊन एक फेरी जरूर मारा. आणि तुमच्या घरी याहून चांगली रीत असेल, तर गट कार्यालयात आमच्या माणसांना सांगा. बाकीच्या सभासदांपर्यंत ती पोहोचवणे आमचे काम.