पासबुकातली इंग्रजी

आज एक काम आधी करा. पेटीत, फडताळात, तांदळाच्या डब्यात, जिथं कुठं ठेवलं असेल तिथून बँकेचं पासबुक काढून जवळ घेऊन बसा. मग ऐका.

आमच्या गल्लीतल्या एका ताईंचे मालक तापानं वारले. दिवस झाल्यावर त्या पासबुक घेऊन माझ्याकडं आल्या. खात्यात दोन-अडीचशे रुपये होते, तेवढे कसे काढायचे हे विचारायला. पान उलटताना मला मे महिन्यातली एक ओळ दिसली. ४३६ रुपये वजा. मी विचारलं, "हे कशाचे?" त्या म्हणाल्या, "बँक कापती की दरसाल. आपण काय विचारावं?"

ती कपात नव्हती. तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा हप्ता होता. इंग्रजीत हप्त्याला 'प्रीमियम' म्हणतात, आणि न विचारता खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याला 'ऑटो डेबिट'. मालकांनी कधीतरी फॉर्मवर सही केली होती, घरात सांगायचं राहून गेलं. विमा दोन लाखांचा होता. कागद गोळा करण्यात दोन महिने गेले, पण पैसे आले. ती ओळ कुणी वाचली नसती तर पासबुक पेटीतच राहिलं असतं.

तुमच्या पासबुकात २० रुपयांची ओळ दिसली, तर ती अपघात विम्याची, म्हणजे सुरक्षा विम्याची. तोही दोन लाखांचा. शेतात साप चावून किंवा वीज पडून माणूस गेला तरी तो लागू होतो. फक्त दवाखान्याचे, पंचनाम्याचे कागद जपून ठेवावे लागतात. फॉर्मवर 'नॉमिनी' असा शब्द असतो. आपल्या माघारी बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे, त्याचं नाव तिथं. तिथं तुमचं नाव आहे का, हे मालक हयात असतानाच विचारा. विचारायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. तरी विचारा.

आता दोन मोठे शब्द. डेबिट आणि क्रेडिट. आपल्या जुन्या वहीत जमा आणि नावे असायचं, तेच हे. क्रेडिट म्हणजे खात्यात आले, डेबिट म्हणजे खात्यातून गेले. इंग्रजी वाचता येत नसलं तरी मोबाईलवरच्या मेसेजमध्ये अक्षर ओळखता येतं. क्रेडिटचं पहिलं अक्षर 'सी', कपाळावरच्या चंद्रकोरीला आडवं केल्यासारखं, एका बाजूला उघडं. डेबिटचं 'डी', सरळ काठी आणि पुढं पोट आलेलं.

पण थांबा, इथं एक खोडी आहे. काही पासबुकांत जमेच्या रकान्यावर 'डिपॉझिट' लिहिलेलं असतं, आणि त्याचं पहिलं अक्षरही 'डी'च! काढलेल्या पैशांच्या रकान्यावर 'विथड्रॉवल' असतं. म्हणून नुसत्या अक्षरावर विसंबू नका. शेवटच्या रकान्यातला 'बॅलन्स', म्हणजे शिल्लक, वरच्या ओळीपेक्षा वाढली की घटली ते बघा. आकडा फसवत नाही.

क्रेडिटचा दुसरा अर्थ त्याहून गोंधळात टाकणारा आहे. क्रेडिट म्हणजे जमा, आणि क्रेडिट म्हणजे उधारीसुद्धा. डेबिट कार्डानं आपलेच पैसे निघतात. क्रेडिट कार्डावर बँकेचे खर्चायचे आणि नंतर फेडायचे. हे दोन्ही एकाच शब्दात कसे? आपल्या मराठीत 'पतसंस्था' म्हणतो ना, त्यातली 'पत' म्हणजेच क्रेडिट. माणसावर भरवसा ठेवून दिलेलं. 'क्रेडिट स्कोअर' म्हणजे आपल्या पतीचा नव्हे हं, पतेचा आकडा! कर्ज थकलं की तो खाली येतो, मग पुढचं कर्ज अडतं.

लाडकी बहीणचे १५०० रुपये ज्यांचे अडकले, त्यांच्याकडून मी एक वाक्य फार ऐकलं: "बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे, मग पैसे का येईनात?" लिंक आणि 'सीडिंग' यात फरक आहे. खात्याला आधार क्रमांक नोंदवलेला असणं वेगळं, आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून ते जोडणं वेगळं. तशी जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. तेव्हा बँकेत जाऊन एवढंच विचारा: "माझं खातं डीबीटीसाठी सीडिंग केलेलं आहे का?" हा प्रश्न पाठच करा. 'केवायसी पेंडिंग' म्हणाले तर घाबरू नका. ओळखीचे कागद द्यायचे बाकी आहेत, एवढंच. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं 'इनऑपरेटिव्ह', म्हणजे झोपी गेलं असेल, तर ते जागं करायला पैसे पडत नाहीत.

आता व्याज. बचतगटात आपण शेकडा दोन म्हणतो, महिन्याला. बँक बोलते वर्षाचं. तिच्या कागदावर 'पर अ‍ॅनम' असं असतं, म्हणजे दरसाल. कुणी दारात येऊन म्हणालं, "बँक बारा टक्के घेते, आम्ही फक्त दोन," तर विचारा, महिन्याला की वर्षाला? महिन्याला दोन म्हणजे वर्षाला चोवीस झाले.

आणखी एक जोडी आहे, 'फ्लॅट' आणि 'रिड्यूसिंग'. समजा १२,००० रुपये वर्षभरासाठी घेतले, दर दोन्हीकडं बाराच टक्के. फ्लॅटमध्ये शेवटपर्यंत पूर्ण बारा हजारांवर व्याज, म्हणजे १,४४० रुपये. रिड्यूसिंगमध्ये दरमहा हजार फेडत गेलात तर व्याज उरलेल्या रकमेवरच: पहिल्या महिन्यात १२०, दुसऱ्यात ११०, शेवटी १०. बेरीज ७८०. दर एकच, तरी व्याज जवळजवळ निम्मं. बियाण्याच्या दोन पिशव्यांवर एकच भाव लिहिलेला आणि एकीत माल कमी, असंच हे.

मंजूर झालेल्या रकमेला 'सँक्शन' म्हणतात, हातात दिलेल्या रकमेला 'डिस्बर्स'. मधली तफावत 'प्रोसेसिंग फी' आणि विम्याची. छोट्या गट-कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केले आहेत. कर्जाचं कार्ड आणि माहितीपत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत द्यायचं. कर्जासोबत विमा घ्यायचाच, अशी सक्ती करता येत नाही. तुमची संमती लागते. वसुलीवाल्यानं सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. "मराठीत द्या" म्हणणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. बँक किंवा कंपनी दाद देत नसेल, तर रिझर्व्ह बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे.

ओटीपी आणि पिनचं बहुतेकींना माहीत आहे, तरी एक वाक्य: पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो देतानाच लागतो. फसलात तर लगेच १९३० लावा. उशीर झाला की पैसे पुढं सरकतात.

आता पासबुक उघडा आणि मे-जूनची पानं काढा. ४३६ आणि २० दिसतात का बघा. पान कोरं असेल तर उद्या बँकेत जाऊन आधी नोंदी भरून घ्या. पुढच्या वेळी आपण चेक कसा लिहायचा ते बघू.