गर्भ गेल्यावर कोणत्या तपासण्या कराव्यात? नवऱ्याचंही रक्त तपासणं का गरजेचं?

रत्नागिरी : पोट पडलं की घरात देवाला गाऱ्हाणं घातलं जातं, नाहीतर 'जड उचललं असशील', 'पपई खाल्ली असशील' असा बाईलाच बोल लावला जातो. रक्त तपासायचं मात्र राहून जातं.

पहिल्या तीन महिन्यांत गर्भ पडतो, तेव्हा साधारण निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. त्यात बाईची काहीच चूक नसते. पण काही वेळा कारण जंतुसंसर्ग असतं. तो वेळेत सापडला तर बरा होतो आणि पुढचं बाळंतपण सुखरूप होऊ शकतं.

आधी सिफिलिस तपासा

हा आजार मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो. पुष्कळदा बाईला काहीच त्रास जाणवत नाही, पण उपचार झाले नाहीत तर गर्भ जातो किंवा मूल पोटातच दगावतं. विशेषतः चौथ्या महिन्यानंतर असं झालं असेल तर माता व बाल संरक्षण कार्ड काढून बघावं. त्यावर सिफिलिस (व्हीडीआरएल) आणि एचआयव्हीची नोंद नसेल तर दोन्ही तपासण्या लगेच करून घ्याव्यात. सोबत कावीळ 'बी'चीही करावी.

सिफिलिसवर पेनिसिलीनचं इंजेक्शन हाच खात्रीचा इलाज. आजार नवा असेल तर एक, जुना असेल तर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं लागतात. पेनिसिलीनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

नवऱ्याला सोडून चालणार नाही

एकट्या बायकोने इंजेक्शन घेतलं आणि नवरा तसाच राहिला, तर आजार पुन्हा तिच्याकडे येतो. म्हणून दोघांची तपासणी आणि दोघांचे उपचार हवेत. 'गावात कळेल' ही भीती असते. पण २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि निकालही गुप्त ठेवावा लागतो.

ताप आला होता का?

लावणीच्या दिवसांत चिखलात काम करताना लेप्टोचा धोका असतो. लेप्टो किंवा मलेरियाच्या तापातही गर्भ जाऊ शकतो. ताप आला असेल तर डॉक्टरांना तसं सांगावं. गरोदरपणात मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्या आणू नयेत.

गोठ्यात गाय गाभडली असेल तर तेही सांगावं. ब्रुसेलोसिस हा जनावरांचा आजार माणसांनाही होतो. गाभडलेल्या जनावराचा गर्भ आणि वार उघड्या हातांनी उचलू नये, गरोदर बाईने तर त्याजवळ जाऊच नये. दूध उकळूनच प्यावं.

'टॉर्च' तपासणी लागते का?

एकदा गर्भ पडला की अनेकांना ही महागडी तपासणी सांगितली जाते. पण ती सरसकट करण्याची गरज नाही, असंच तज्ज्ञांचं मत आहे. तिच्यात नुसतं 'आयजीजी पॉझिटिव्ह' आलं तर त्याचा अर्थ तो जंतू शरीरात कधीतरी येऊन गेला, किंवा लस घेतलेली आहे, एवढाच. गर्भ त्यामुळेच गेला असं त्यावरून ठरत नाही. ताप, अंगावर पुरळ किंवा सोनोग्राफीत काही दिसलं असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढ्याच तपासण्या कराव्यात.

कुठे जायचं?

रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, तसंच कामथे, कळंबणी आणि दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयांत एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राची चौकशी करावी. तिथे चाचणी मोफत होते. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडेही विचारता येईल. एचआयव्हीबाबत फोनवर माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

गर्भ गेल्यानंतर ताप, घाण वासाचा स्राव, पोटात जोराच्या कळा किंवा न थांबणारा रक्तस्राव असेल, तर तपासणीची वाट बघू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावं.