अनुबोधपट, स्वतंत्र
शासन अथवा मोठी चित्रपटसंस्था यांच्या आश्रयावाचून निर्माण होणारा अनुबोधपट. त्याचा विकास उपकरणांच्या वजनाशी व किंमतीशी निगडित आहे. १९६० च्या सुमारास खांद्यावर पेलता येणारा १६ मिमी. कॅमेरा आणि त्याच्याशी समकालिक चालणारा सुवाह्य ध्वनिमुद्रक यांमुळे दोनतीन माणसांचे पथकही घटनास्थळी चित्रण करू शकले. १९६७ मध्ये आलेल्या पोर्टापॅक या व्हिडिओ-संचाने रसायनशाळेची गरजच संपविली.

भारतात मात्र दीर्घकाळ काटकसरीतूनच मार्ग काढावा लागला. बिहारमधील जनआंदोलनावरील क्रांती की तरंगें या अनुबोधपटासाठी आनंद पटवर्धन यांनी काही चित्रण ८ मिमी. फितीवर केले, ते पडद्यावर प्रक्षेपित केले व तेथून १६ मिमी. फितीवर उतरविले. आणीबाणीत (१९७५–७७) त्याची प्रत तुकड्यातुकड्यांनी परदेशी न्यावी लागली. ही अडचण केवळ तांत्रिक नव्हती, हे उघड आहे.

१९९५ नंतर डिजिटल कॅमेरा व संगणकीय संकलन यांमुळे निर्मिती स्वस्त झाली. तथापि सार्वजनिक प्रदर्शनास १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमान्वये प्रमाणपत्र लागतेच. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात अनेक अनुबोधपट नाकारले गेले, तेव्हा निर्मात्यांनी मुंबईतच ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरविला.