भाग १४ : पत्र कुणाचं, हात कुणाचा?

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटणाऱ्यांसाठी या भागाचं शब्दांकन.)

गारगोटीहून बोलतोय, मागे पावसाचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

आधी एक कबुली. गेल्या महिन्यात आमच्या टीमचं रिलीज झालं. आभाराचा मेल मी लिहिला. मॅनेजर, क्लायंट, सगळे आले त्यात. रात्री दोनपर्यंत जागून बग शोधणारी आमची टेस्टर तेवढी राहिली. ती काही बोलली नाही, पण मला ते लागलं. म्हणून आज सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीतल्या अशाच मागे राहिलेल्या माणसांविषयी.

बायबलमध्ये पौलाचं रोमकरांस पत्र आहे. साधारण इसवी सन ५७ चं. धर्मशास्त्राच्या दृष्टीने वजनदार, पण शेवटचा सोळावा अध्याय बरेच जण चाळून सोडतात, कारण तिथे नुसती नावं! याला सलाम सांगा, तिला सलाम सांगा. पंचवीसेक माणसं.

आता ही माणसं बघा. पहिली फिबी. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीची सेविका. हे पत्र रोमला तिनेच पोचवलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. टपालखातं सरकारी कामापुरतं असलेल्या काळात एका बाईने समुद्र ओलांडून पत्र नेलं. मग प्रिस्क आणि अक्विला, तंबू बनवणारं जोडपं. आणि इथे बायकोचं नाव आधी! युनियाची गंमत वेगळीच. तिचा उल्लेख प्रेषितांच्या संदर्भात येतो, म्हणून पुढे काहींनी ते नाव पुरुषाचं ठरवून टाकलं.

दोघींना तर नावच नाही. एक रुफसची आई, दुसरी नीरियसची बहीण. आपल्याकडे कसं, अमक्याची आई, तमक्याची सून... तसंच.

आणि मधेच एक माणूस स्वतःच सलाम सांगतो: तर्तियुस. पौल सांगत होता, लिहीत होता हा. अख्ख्या पत्रात त्याचं स्वतःचं असं एकच वाक्य.

आता थेट आपल्याकडे येऊ. पुणे जिल्ह्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं. वर्षानुवर्षांचं काम. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. छपाई मिशनच्याच छापखान्यात, आणि खिळे जुळवायला मिशनमधल्या मुली-बायका. बालविधवा, दुष्काळात घर गमावलेल्या. काहींनी इथे आल्यावरच अक्षर गिरवलेलं.

जरा डोळ्यासमोर आणा. तर्तियुसचं ते एकुलतं वाक्यही असंच कुणीतरी एकेक खिळा उचलून, उलट्या अक्षरात लावलं असेल. त्याचं नाव छापलं गेलं. लावणारीचं?

रमाबाईंचं मोठेपण याने तसूभर कमी होत नाही. पौलाचंही नाही. उलट पौलाकडून शिकायचं ते हेच, की एवढं मोठं पत्र लिहून झाल्यावरही तो घाईत सही करून उठला नाही. एकेकाचं नाव घेत बसला.

मी दुसऱ्या दिवशी दुसरा मेल टाकला. फक्त तिच्या नावाचा. उशीर झाला होता, पण गेला.

तुमच्या कामामागे कुणाचा हात आहे? आज त्यांना एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!