डेट्रॉइटचे तीन भाऊ आणि माळ्यावरच्या ध्वनिफिती

सन २०२४ च्या पहिल्या पाच महिन्यांत अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या संगीताने आपली तीन माणसे गमावली. २ फेब्रुवारीला गिटारवादक वेन क्रेमर गेले. २ एप्रिलला कवी व कार्यकर्ते जॉन सिंक्लेअर गेले. मे महिन्यात ड्रमवादक डेनिस थॉम्पसन गेले. क्रेमर आणि थॉम्पसन हे 'एमसी फाइव्ह' या पाच जणांच्या बँडमधले उरलेले शेवटचे दोघे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँड येथे 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'ने या बँडचा गौरव केला, तेव्हा तो स्वीकारायला पाचांपैकी एकही जण जिवंत नव्हता. जिवंतपणी उपेक्षा आणि मेल्यावर हार, ही रीत आम्हाला नवी नाही.

वाचक म्हणतील, त्या गोऱ्या पोरांच्या गोंगाटाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, म्हणूनच लिहीत आहोत. आणि ती सगळी पोरे गोरी नव्हती, हेही सांगायचे आहे.

'पंक' हा इंग्रजीतला शिवीवजा शब्द. टपोरी, उनाड, कवडीमोलाचा पोरगा, असा त्याचा अर्थ. ज्यांना संगीत शिकायला पैसा नव्हता, उस्ताद नव्हता, अशा पोरांनी दोन-तीन सूर हाताशी घेऊन भरधाव आणि कर्कश वाजवायला सुरुवात केली. त्या संगीताला हे नाव चिकटले आणि त्यांनी ते छातीवर मिरवले. १९७६ साली न्यूयॉर्कच्या 'रामोन्स'ने आणि लंडनच्या 'सेक्स पिस्टल्स'ने पंकला जन्म दिला, असा इतिहास पुस्तकांतून सांगितला जातो. वस्तुस्थिती अशी आहे की डेट्रॉइटहून निघणाऱ्या 'क्रीम' मासिकाने १९७१ मध्येच हा शब्द एका बँडसाठी छापला होता. 'क्वेश्चन मार्क अँड द मिस्टीरियन्स' हा तो बँड. मिशिगन राज्यात पोटासाठी आलेल्या मेक्सिकन शेतमजुरांची ही मुले. १९६६ साली त्यांचे एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. इतिहास लिहिणाऱ्यांनी सुरुवात कुठून मोजायची हे ठरवले, की वारसा कोणाचा हेही आपोआप ठरते.

आधी हे शहर समजून घेतले पाहिजे. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर. फोर्ड, जनरल मोटर्स, क्रायसलर. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून आणि तिथल्या झुंडशाहीतून निसटलेली लाखो काळी माणसे येथे मजुरीला आली. भट्टीजवळची आणि रंगाच्या वाफेतली कामे त्यांच्या वाट्याला आली. राहायला जागा कुठे मिळायची? १९४१ साली एका बिल्डरने काळ्यांच्या वस्तीला लागून सुमारे अर्धा मैल लांबीची सिमेंटची भिंत बांधली. पलीकडच्या गोऱ्यांच्या घरांना सरकारी हमीचे कर्ज मिळावे म्हणून! वेस आणि वेशीबाहेर या शब्दांचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगावा लागत नाही.

दक्षिणेतून आलेल्या या माणसांत जॉन ली हूकर नावाचा एक गवई होता. दिवसा कारखान्यात झाडू मारायचा, रात्री गिटार वाजवायचा. १९४८ साली डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड या स्टुडिओत त्याने एकट्याने, पाय आपटत ताल धरून, 'बूगी चिलन' हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते देशभर गाजले. पुढे रॉक म्हणून जे काही गोऱ्यांनी वाजवले, त्याची मुळे हूकरसारख्यांच्या त्या आपटणाऱ्या पायांत आहेत. युनायटेड साउंड हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

२३ जुलै १९६७ च्या पहाटे पोलिसांनी काळ्यांच्या वस्तीतल्या एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर धाड घातली. व्हिएतनामहून परतलेल्या जवानांच्या स्वागताची मेजवानी चालू होती. सगळ्यांनाच पकडून नेले, आणि वर्षानुवर्षांचा संताप रस्त्यावर आला. पाच दिवसांत ४३ माणसे मेली, त्यांपैकी ३३ काळी. अमेरिकेचे सैन्य अमेरिकेच्याच शहरात उतरले. हूकरने 'मोटर सिटी इज बर्निंग' गायले, आणि तेच गाणे एमसी फाइव्हने उचलले.

लिंकन पार्क या गोऱ्या कामगारांच्या उपनगरातली ही पोरे. गायकाने आपले मूळ आडनाव टाकून मॅकॉय टायनर या काळ्या पियानोवादकाचे आडनाव घेतले होते: रॉब टायनर. कोणाचे नाव लावावे, एवढ्यावरूनही माणूस कुठे उभा आहे ते कळते. ऑगस्ट १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले असताना युद्धविरोधी तरुणांसमोर एमसी फाइव्हने वाजवले. पाठोपाठ पोलिसांच्या लाठ्या पडल्या. त्याच वर्षी ३० व ३१ ऑक्टोबरच्या रात्री ग्रँडी बॉलरूम या डेट्रॉइटच्या जुन्या नाचघरात त्यांची पहिली तबकडी लोकांसमोरच ध्वनिमुद्रित झाली. त्यातल्या एका शिवीमुळे हडसन या मोठ्या दुकानाने ती विकायला नकार दिला. या पोरांनी वर्तमानपत्रात त्या दुकानालाच शिवी देणारी पानभर जाहिरात छापली, तीही ध्वनिमुद्रण कंपनीच्या बोधचिन्हासह. कंपनीने त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला. हे शौर्य की पोरकटपणा? आमच्या मते थोडे दोन्ही.

त्यांचे व्यवस्थापक जॉन सिंक्लेअर. ब्लॅक पँथरचे संस्थापक ह्यूई न्यूटन यांना कोणीतरी विचारले, की गोऱ्यांनी तुमच्यासाठी काय करावे? त्यांनी उत्तर दिले, स्वतःची पँथर काढावी. ते मनावर घेऊन सिंक्लेअर आणि त्यांच्या साथीदारांनी १९६८ च्या अखेरीस 'व्हाइट पँथर पार्टी' काढली. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभारली, तिच्या नावाचा उगमही तोच, ओकलंडचा. एकाच डरकाळीचे हे दोन पडसाद. पण फरक आहे, तो झाकू नये. दलित पँथरच्या मागे गावकुसाबाहेरचा अत्याचार होता; व्हाइट पँथरवाल्यांना हवे तेव्हा घरी परतता येत होते. सिंक्लेअर यांना दोन गांजाच्या सिगारेटी दिल्याबद्दल १९६९ मध्ये साडेनऊ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा अन्यायाचीच होती. डिसेंबर १९७१ मध्ये ॲन आर्बर येथे जॉन लेनन व स्टीव्ही वंडर त्यांच्यासाठी गायले आणि तीन दिवसांत ते सुटले. शिकागोचे ब्लॅक पँथर नेते फ्रेड हॅम्प्टन यांना मात्र ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी त्यांच्या बिछान्यातच गोळ्या घातल्या. त्यांच्यासाठी मैफल भरवायला वेळच मिळाला नाही.

एमसी फाइव्हचा शेवटचा कार्यक्रम १९७२ च्या वर्षअखेरीच्या रात्री त्याच ग्रँडी बॉलरूममध्ये झाला. टायनर १९९१ मध्ये हृदयविकाराने गेले, फ्रेड स्मिथ १९९४ मध्ये, मायकेल डेव्हिस २०१२ मध्ये. शेजारच्या ॲन आर्बरच्या 'स्टूजेस' या बँडचीही तीच गत: डेव्ह अलेक्झांडर १९७५ साली अवघ्या २७ व्या वर्षी गेला, ॲशेटन बंधूंपैकी रॉन २००९ मध्ये आणि स्कॉट २०१४ मध्ये. व्यसनांनी यांच्यातल्या अनेकांना पोखरले. विद्रोहाच्या नावाखाली चाललेल्या नशेचे कौतुक आम्ही करणार नाही.

वेन क्रेमर यांनाही त्या वाटेने तुरुंगात नेले. कोकेन विकण्याच्या गुन्ह्यात केंटकीच्या लेक्सिंग्टन तुरुंगात असताना त्यांना रेड रॉडनी हा जॅझ ट्रम्पेटवादक भेटला, आणि तिथे त्यांनी संगीताचे धडे गिरवले. लंडनच्या 'द क्लॅश' या बँडने त्यांच्या तुरुंगवासावर गाणे केले होते. २००९ मध्ये क्रेमर यांनी त्याच गाण्याच्या नावाने, 'जेल गिटार डोअर्स', अमेरिकेत संस्था काढली आणि कैद्यांच्या हाती गिटारी दिल्या. त्यांच्या साऱ्या तबकड्यांपेक्षा हे काम आम्हाला मोठे वाटते.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या तीन भावांकडे वळू.

डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. डेट्रॉइटच्या काळ्या वस्तीतली मुले. १९६४ साली वडिलांनी त्यांना दूरदर्शनसमोर बसवून बीटल्स दाखवले. दुसऱ्या दिवशी डेव्हिडला गल्लीत कोणीतरी टाकून दिलेली गिटार सापडली आणि तो शिकू लागला. घरातल्या एका खोलीत सराव, गॅरेजमध्ये कार्यक्रम. आधी ते फंक वाजवत, मग रॉककडे वळले. वस्तीतले लोक म्हणायचे, हे गोऱ्यांचे संगीत कशाला वाजवता? आणि गोऱ्यांच्या रॉकच्या दुनियेत काळ्या पोरांना जागा नव्हती. दोन्ही दारे बंद! ज्या संगीताचे मूळच हूकरच्या गिटारीत, ते काळ्या मुलाने वाजवले तर परके ठरावे, ही चोरी किती बेमालूम आहे पाहा.

वडील अपघातात गेले. डेव्हिडने बँडचे नाव ठेवले 'डेथ', म्हणजे मृत्यू. मरणाकडे भयाने पाहू नये, त्यालाही उजळ अर्थ द्यावा, असे त्याचे म्हणणे. १९७५ साली युनायटेड साउंडमध्ये, जिथे हूकरने पाय आपटले त्याच स्टुडिओत, त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. संगीतव्यवसायातले बडे प्रस्थ क्लाइव्ह डेव्हिस यांनी त्यासाठी पैसा लावला होता. त्यांची अट एकच, नाव बदला. डेव्हिडने साफ नकार दिला. पैसा थांबला, ठरलेली बारा गाणी सातवरच अडकली. अशा नावाला कोणताही व्यापारी बिचकला असता, एवढे डेव्हिस यांच्या बाजूने म्हणता येईल. पण नावासाठी माणूस काय काय सोडू शकतो, हे आम्हाला डेट्रॉइटकडून शिकायचे नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या फलकावर बाबासाहेबांचे नाव लागेपर्यंत १४ जानेवारी १९९४ उजाडला, आणि तोवर काय मोजावे लागले ते वाचक जाणतात.

१९७६ मध्ये भावांनी स्वतःच दोन गाण्यांची तबकडी काढली. प्रती पाचशे. नभोवाणीवाल्यांनी फारशी दाद दिली नाही. पुढच्या वर्षी ते व्हरमाँट राज्यात बर्लिंग्टनला गेले, नाव बदलून भक्तिपर रॉक वाजवू लागले. डेव्हिड १९८२ साली डेट्रॉइटला परतला. बॉबी आणि डॅनिस तिथेच राहिले, रेगे वाजवू लागले, संसाराला लागले. आपल्या पोरांनाही त्यांनी 'डेथ'बद्दल सांगितले नव्हते. इकडे डेट्रॉइटही रिकामे होत चालले होते. १९५० साली साडेअठरा लाख वस्तीचे शहर २०१० पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आले.

मरणापूर्वी डेव्हिडने मूळ ध्वनिफिती बॉबीच्या हवाली केल्या. एक दिवस जग या शोधत येईल, नीट सांभाळ, असे बजावले. २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. फिती बॉबीच्या घराच्या माळ्यावर पडून राहिल्या. आमच्या वस्त्यांतल्या पत्र्याच्या पेट्यांतही भीमजयंतीच्या रात्री गायलेल्या कव्वाल्यांच्या, जलशांच्या कॅसेटी अशाच पडल्या आहेत. किती जणांकडे त्या वाजतील अशा अवस्थेत आहेत, देव नव्हे, बुरशीच जाणे!

पाचशेतल्या काही तबकड्या जुनी गाणी जमविणाऱ्यांच्या हाती लागल्या आणि मोठ्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या. २००८ च्या सुमारास बॉबीच्या मुलाने त्यातले गाणे ऐकले आणि आवाज ओळखला. तो त्याच्या बापाचा होता. मुलांनी बँड काढून काकाची आणि बापाची गाणी वाजवायला सुरुवात केली. २००९ मध्ये शिकागोच्या ड्रॅग सिटी कंपनीने माळ्यावरून उतरलेली ती सात गाणी प्रसिद्ध केली. बॉबी आणि डॅनिस पुन्हा मंचावर आले. गिटारवर डेव्हिडच्या जागी त्यांच्या रेगे बँडमधला साथीदार होता. तबकडीवर नाव छापले होते, डेव्हिडने ठेवले होते तेच: डेथ.