मैदानावरचा पियानो

नागपुरात पियानो ट्यून करतो म्हटलं की लोक आधी विचारतात, "इथं आहेत का पियानो?" आहेत. जुन्या मध्य प्रांताची राजधानी होती ही. मिशनच्या शाळांत, चर्चमध्ये, सिव्हिल लाइन्सच्या एखाद्या बंगल्यात अजून सापडतात. आमचं घर महालातलं, वडील पेट्या दुरुस्त करायचे. उंदरांनी फेल्ट कुरतडलेला असाच एक पियानो त्यांच्याकडे आला आणि मी त्याच्यात अडकलो, तो आजतागायत. घरातला पियानो वर्षातून दोनदा लावला की भागतं. कस लागतो तो मैदानावर.

हिवाळ्यात नागपूरकर संध्याकाळी कार्यक्रमांसाठी मैदानाकडे निघतो. २०१७ पासून खासदार सांस्कृतिक महोत्सवानं तर त्याची सवयच लावली. पण डिसेंबरात दुपारी २८ अंश आणि रात्री १२ हे इथं नेहमीचं. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता.

पियानोच्या पट्ट्या ८८, तारा मात्र २३० च्या आसपास, कारण मधल्या-वरच्या स्वरांना तीन-तीन तारा असतात. एकेका तारेवर सरासरी सत्तर किलोंचा ताण, सगळा मिळून सोळा टन तरी. तो पेलते ओतीव लोखंडाची चौकट. उन्हात पोलादी तार तापते, सैल पडते, स्वर उतरतो. ऊन गेलं की बारीक तार काही मिनिटांत निवते, स्वर चढतो. जाडजूड चौकट मात्र तासन्‌तास कोमट राहते आणि मग सावकाश आकसते. खर्जाच्या तारांवर तांब्याचं वेटोळं, त्यांची चाल आणखी निराळी. सगळाच पियानो सारखा चढला असता तर निभावलं असतं. तो वेडावाकडा सरकतो.

एकदा, मैदानाचं नाव नको, मला दुपारी तीनला बोलावलं. मंडपाचं कापड अर्ध्याच स्टेजवर पोचलं होतं. मी तसाच उन्हात ट्यून केला, चहा प्यायला गेलो. आठला वादकानं पहिला कॉर्ड दाबला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही. तबलजी असता तर हातोडी काढून गट्टे ठोकले असते, सतारियानं खुंटी पिळली असती. यानं काय करायचं?

तेव्हापासून ज्या हवेत वाजणार त्याच हवेत लावायचा, हा माझा नेम. दुपारभर सावलीत झाकून ठेवायचा, उन्हं उतरली की उघडायचा, स्टेजचे दिवे लावूनच काम सुरू करायचं. एका स्वराच्या तीन तारांपैकी दोन रबराच्या पाचरीनं मुक्या करतो, एक सुरात आणतो. मग दुसरी उघडली की दोन्ही एकमेकींवर आदळतात, आवाज हेलकावतो: वाँव, वाँव. एक ४४० हर्ट्झला आणि दुसरी ४४२ ला असेल तर सेकंदाला बरोबर दोन हेलकावे. तारेच्या पिनेवर लावलेला लिव्हर केसभर ढकलायचा. हेलकावे लांबतात, मंदावतात, थांबतात. तरी सोडायचं नाही; किंचित वर नेऊन परत खाली बसवायचं, नाहीतर पिनेतला पीळ कार्यक्रमातच सुटतो.

नेमकं तेव्हाच साउंडवाला "चेक, चेक" सुरू करतो, मागं जनरेटर धडधडतो, खुर्च्या आपटत असतात. "भाऊ, झालं का नाही अजून?" दर पाच मिनिटांनी. मोबाइलवरचं ॲप मदतीला असतं, पण शेवटच्या केसभराला कानच लागतो.

पियानोबरोबर तंबोरा असला तर पंचाईत वेगळी. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार पियानोच्या गांधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका खाली असतो. पेटीचंही तेच. १९४० साली आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. बंदीमागं हा गांधारही होता. याला माझ्याकडे औषध नाही. पंचम तेवढा जवळपास जुळतो.

संयोजकांना मात्र सांगणं आहे. कार्यक्रम आठचा असेल तर साडेपाच ते सात स्टेज माझ्या ताब्यात द्या, जनरेटर लांब उभा करा आणि माइकची चाचणी सातनंतर घ्या. आणि कार्यक्रम संपल्यावर हारतुऱ्यांच्या गडबडीत पियानोचं झाकण उघडं ठेवू नका, वर एखादी गोधडी टाका. रात्री दव पडतं, तारा गंजतात.